नाव तेवढं बदललं होतं

आमचा नवा भाग ज्या दिवशी बाहेर पडतो, त्या दिवशी मला सकाळपासून घास गिळवत नाही. माझी मुलगी म्हणते, "आई, दहा मिनिटांचं तर बोलणं आहे. तेही फुकट. कोण तुला पकडायला येणार आहे?" तिला मी काही सांगत नाही. यायचं ते माणूस एकदा येऊन गेलेलं आहे.

मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. पण गेली पाच-सहा वर्षं मी आणखी एक काम करते. शिक्षकांसाठी पॉडकास्ट. ज्यांना हे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: रेडिओवरच्या भाषणासारखंच असतं, फक्त ते फोनवर असतं आणि आपल्याला हवं तेव्हा ऐकता येतं. वर्गात काय करून पाहिलं, काय फसलं, गुणाकार घोकून न घेता कसा शिकवला, न बोलणाऱ्या मुलाला बोलतं कसं केलं, असं एका शिक्षकाने बाकीच्या शिक्षकांना सांगायचं. कोणाकडून काही घ्यायचं नाही, कोणाला काही द्यायचं नाही.

त्याआधी आमचं प्रशिक्षण म्हणजे कुठल्या तरी शाळेचा हॉल. हजेरीची सही करायची, चहा-बिस्किटं घ्यायची, पंख्याखालची खुर्ची पकडायची आणि व्यासपीठावरच्या साहेबांनी शेवटचा वर्ग कधी पाहिला असेल याचा अंदाज बांधत बसायचं. शाळा बंद होत्या त्या वर्षी आमच्या विज्ञानाच्या दळवी सरांनी पहिल्यांदा व्हिडिओ केले. फळा, खडू आणि सरांचा हात, एवढंच दिसायचं. ऑनलाइन वर्ग कसा घ्यायचा ते आम्हा वयस्कर मंडळींना त्यांनी त्या हाताने शिकवलं. नंतर ते व्हिडिओ फिरत फिरत बोरिवली-कांदिवलीपर्यंत गेले आणि ओळख ना पाळख असे लोक सरांना फोन करायला लागले. सर मालवणकडचे. एक दिवस मला म्हणाले, "बाई, तुम्ही गोष्टी बरे सांगतास. तुम्ही बोला, मी रेकॉर्ड करतंय."

मी म्हटलं, "मला कॅमेऱ्यासमोर उभं करू नका. आवाज हवा तर घ्या."

चेहरा दाखवायचा नाही म्हणून मी आवाज निवडला. आवाजावरूनही माणूस ओळखू येतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

शाळेच्या क्रीडासाहित्याच्या खोलीत कबड्डीच्या मॅट उभ्या करून ठेवल्या होत्या. त्यांच्यामध्ये बसलं की आवाज घुमत नाही, हा सरांचा शोध. बाहेर समोरची जुनी सोसायटी पाडत होते, तिथलं ड्रिलिंग थांबलं की सर बोट वर करायचे आणि मी बोलायला लागायचे. मला दर वाक्याला "म्हणजे" म्हणायची सवय. सर ते सगळे "म्हणजे" कापून काढायचे. एकदा त्यांनी कापलेले सगळे "म्हणजे" जोडून मला ऐकवले. चांगला मिनिटभराचा ऐवज होता.

ऐकणारेही नाना तऱ्हेचे. घाटकोपरच्या एक बाई पोळ्या लाटताना ऐकायच्या आणि कणीक संपली तरी भाग संपला नाही तर तसं कळवायच्या. बोरिवलीचे एक सर दुप्पट वेगाने ऐकायचे आणि वर तक्रार करायचे की मॅडम, तुम्ही फार भरभर बोलता. आणि नव्या माणसाचा पहिला प्रश्न हमखास एकच: "प्रमाणपत्र मिळेल का?" मिळणार नाही म्हटलं की निम्मे जायचे. जे उरायचे ते मात्र खरोखर शिकायला आलेले असायचे. त्यांचा मला फार अभिमान वाटायचा. आपण वर्गात जे सहज करतो, ते दुसऱ्या कोणाच्या वर्गात सोमवारी होतंय, ही भावना मोठी नशेची असते.

त्या नशेत असतानाची ही गोष्ट.

सातवीत माझ्याकडे एक मुलगी होती. इथे तिला निशा म्हणते. हुशार, नीटनेटकी, शांत. तिची एकच खोड. माझा तिसरा तास दहाला सुरू व्हायचा आणि दहा-साडेदहाच्या मध्ये ही रोज हात वर करायची. "बाई, जाऊ?" पाच मिनिटांत परत यायची. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, पोट बिघडलं असेल. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, वयात आलेली मुलगी आहे, विचारू या नको. तिसऱ्या आठवड्यात मात्र मी वर्गाला धडा वाचायला सांगितलं आणि तिच्या मागे गेले.

ती पिण्याच्या पाण्याच्या टाकीमागे उभी होती. हातात फोन. आमच्याकडे फोन आणायला सक्त मनाई. मी ओरडणार तेवढ्यात तिचं बोलणं कानावर आलं.

"कोबी, आई. कोबीची भाजी. आणि डाळ... थांब, अक्षर गिचमिड आहे. हां, आमटी. आमटी म्हटलंय. आणि चार पोळ्या जास्त."

मी तिथेच थांबले. तिने मला पाहिलं आणि फोन पाठीमागे लपवला.

"कोणाशी बोलत होतीस?"

"आईशी."

"शाळेच्या वेळात? भाजी काय करायची ते विचारायला?"

तिने फोन पुढे आणून बंद केला. मग म्हणाली, "बाई, आईला सांगू नका की मी सांगितलं."

तिची आई एका टॉवरमध्ये स्वयंपाकाला जायची. घरची बाई स्वतः दुसऱ्या एका शाळेत शिक्षिका होती, सकाळी सातला घर सोडायची आणि काय करायचं ती चिठ्ठी फ्रिजवर लावून जायची. निशाच्या आईला वाचता येत नव्हतं. कामाला लागताना तसं सांगायची तिला लाज वाटली आणि एकदा सांगितलं नाही ते राहूनच गेलं. ती रोज चिठ्ठीचा फोटो काढून मुलीला पाठवायची आणि मुलगी टाकीमागून तो वाचून दाखवायची. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

एकदा तेवढी गडबड झाली होती. त्या घरी जैन पाहुणे जेवायला होते. चिठ्ठीत लिहिलं होतं, "आज सगळ्यात कांदा-लसूण नको." फोटोत शेवटचा शब्द कापला गेला. निशाने जेवढं दिसलं तेवढं वाचलं आणि आईने सगळ्या पदार्थांत कांदा-लसूण घातला. (नेमकी चूक वेगळी होती. ती मी इथे बदलली आहे. का बदलली, ते पुढे येईलच.) हे सांगताना निशा स्वतःच थोडं हसली. मलाही हसू आलं. मी तिला म्हटलं, "उद्यापासून मला न विचारता जात जा. फोन माझ्या कपाटात ठेव." आमच्यात एक गुपित तयार झालं आणि मला त्याचंही फार बरं वाटलं.

महिन्याभराने दळवी सर म्हणाले, पुढचा भाग शिस्तीवर करू या. मुलाला शिक्षा करण्याआधी काय करायचं यावर. माझ्याकडे गोष्ट तयारच होती. मी निशाचं नाव बदललं, शाळेचं घेतलंच नाही आणि सगळं सांगितलं. टाकी, फोन, कोबी. चिठ्ठीची चूक सांगताना मी हसले, समोर बसलेले सरही हसले. ते हसू त्यांनी कापलं नाही. "ऱ्हवांदे बाई," म्हणाले, "जिवंत वाटता."

तो आमचा सगळ्यात गाजलेला भाग ठरला. ओळखी-अनोळखीचे मेसेज आले. एका शाळेने मला त्यांच्या शिक्षकांसमोर बोलायला बोलावलं. मी गेले आणि तिथेही तीच गोष्ट सांगितली, थोडी आणखी रंगवून.

मग एका सोमवारी दहा वाजून गेले तरी निशाचा हात वर झाला नाही. मंगळवारीही नाही. मला वाटलं, काहीतरी तोडगा निघाला असेल, बरं झालं. बुधवारी मी तिला प्रश्न विचारला. तिने उभं राहून उत्तर दिलं, बरोबर दिलं, पण माझ्याकडे न बघता. गुरुवारी ती आली नाही. शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळी शिपायाने सांगितलं, कोणी बाई भेटायला आल्यात.

निशाची आई स्टाफरूमच्या दाराबाहेर उभी होती. मी आत बोलावलं, ती आली नाही. खुर्ची बाहेर आणली, बसली नाही.

"रविवारी मी कामावर होते," ती म्हणाली. "ताई घरी होत्या. कपड्यांच्या घड्या करत होत्या आणि फोन लावून ठेवला होता. त्यातनं तुमचा आवाज आला. मी लगेच वळखला. मी म्हटलं पण त्यांना, या आमच्या निशाच्या बाई. ताई म्हणाल्या, हो का, थांब, आवाज वाढवते."

पुढचं तिने सांगायची गरजच नव्हती.

"पहिलं पहिलं मला वाटलं दुसऱ्या कोणाचं असंल. ताई पण हसल्या. मग ते पाहुण्यांचं आलं. ताई हसता हसता थांबल्या. मी पोळी तव्यावर टाकली होती, ती मी काढलीच नाही. ती जळाली."

"मी नाव बदललं होतं," मी म्हटलं. तोंडातून तेवढंच निघालं.

"नाव बदललंत. बाकी काय बदललंत?"

मी विचारलं, "त्या काही बोलल्या का? कामावरून..."

"काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं. सोमवारपासून चिठ्ठी बंद. आता फोनवर बोलून पाठवतात. को-बी-ची भा-जी. लहान पोरीला सांगतात तसं." तिने पदराने कपाळ पुसलं. "मी काम सोडलंय."

मी म्हटलं, मी त्यांच्याशी बोलते, त्या शिक्षिका आहेत, समजून घेतील. तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

"नको. तुम्ही आता कोणाशीच काही बोलू नका."

ती गेली. दळवी सरांनी त्याच दुपारी तो भाग काढून टाकला. मला वाटत होतं, काढला म्हणजे संपलं. पण फुकट वाटलेली गोष्ट परत गोळा करता येत नाही, हे त्या आठवड्यात कळलं. लोकांनी तो उतरवून घेतला होता, ग्रुपवर पाठवला होता. जोगेश्वरीच्या माझ्या नणंदेने मलाच तो पाठवला. "वहिनी, ऐक गं, किती छान बोलल्यात कोणी बाई." तिने आवाजही ओळखला नव्हता. कोणी कौतुक केलं की मी विचारायचे, तुम्ही कुठे ऐकलंत, कोणी पाठवलं, तुम्ही पुढे पाठवलात का. लोकांना वाटायचं बाई विनयशील आहेत. निशाच्या वस्तीत आणखी कोणी ऐकलं असेल का? वर्गातल्या कोणा मुलाच्या आईने? एखाद्या पोरीने मधल्या सुट्टीत निशाला "कोबी" म्हणून हाक मारली तर? मी सुट्टीत जिन्यावर उभी राहून कान देऊन ऐकायचे.

शेवटी मी सरांना म्हटलं, "मला जाहीर माफी मागायची आहे. एक भाग करू या. मी चुकले, एवढंच सांगते."

सर म्हणाले, "काय चुकलास ता सांगूचा लागतला मा? माफी मागूक गेलात तर तीच गोष्ट परत सांगूची लागतली."

ते खरं होतं. ज्या आवाजाने चूक केली होती, त्या आवाजाला ती दुरुस्त करता येत नव्हती.

निशा पुढच्या सोमवारी शाळेत आली. मी तिला तास संपल्यावर थांबवलं. काय बोलायचं ते मी रविवारभर जुळवलं होतं. बोललेही. तुझी गोष्ट ऐकून कितीतरी शिक्षकांनी मुलांना मारायचं थांबवलं असेल, हेही बोलले. आज त्या वाक्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तिने सगळं ऐकून घेतलं, दप्तराचा पट्टा खांद्यावर ओढला आणि म्हणाली, "बाई, मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

त्यानंतर दोन महिने आम्ही एकही भाग केला नाही. बंदच करायचं माझ्या मनात होतं. सर म्हणाले, बंद करणं सोपं आहे. मग आम्ही एक नियम केला: कोणत्याही मुलाची गोष्ट सांगायची तर आधी त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना बसवून ऐकवायची. त्यांनी नको म्हटलं की विषय संपला. ऐकायला साधं वाटतं. प्रत्यक्षात आमच्या निम्म्याहून जास्त चांगल्या गोष्टी तिथेच राहतात. एक मुलगा म्हणाला, "बाई, पप्पांचं काढा, बाकी चालेल." पप्पांचं काढलं तर गोष्टीत काही उरत नव्हतं. आम्ही तो भाग गोष्टीशिवाय केला. बोरिवलीच्या सरांनी कळवलं की या वेळी मजा आली नाही. मी त्यांना लिहिलं, बरोबर आहे तुमचं.

आणि एवढं करूनही भीती गेलेली नाही. घरच्यांनी हो म्हटलेलं असतं, पण ते हो नीट समजून म्हटलंय की शाळेच्या बाई दारात आल्यात म्हणून, हे कसं ओळखायचं? भाग बाहेर पडायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा फोन करते. काही पालक वैतागतात. "अहो बाई, सांगितलं ना चालेल म्हणून." वैतागलेलं हो मला जास्त खरं वाटतं.

निशाची आई आता पोळी-भाजी केंद्रात काम करते. मुलुंडच्या बाजारातच आहे. तिथे चिठ्ठ्या नसतात, काय हवं ते ओरडून सांगतात. तिच्या हाताखाली दोघी जणी आहेत. हे मला दुसऱ्या एका पालकांकडून कळलं. मी तिथून कधी पोळ्या घेतल्या नाहीत. दुकानावरून जाताना पलीकडच्या फुटपाथने जायचे.

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या अनुभवावर लिहायला सांगितलं तेव्हा मी दुसरंच काहीतरी लिहायला घेतलं होतं. चार पानं झाली आणि माझ्या लक्षात आलं की मी याच गोष्टीच्या अवतीभवती फिरते आहे. मग ही लिहिली. आणि लिहून झाल्यावर घाबरले, कारण पुन्हा तेच केलं होतं. तेव्हा एका रविवारी सकाळी कागद पिशवीत घालून मी डोंगराच्या बाजूच्या त्यांच्या वस्तीत गेले. दार उघडलं ते निशाने. आता ती दहावीत आहे, माझ्याहून उंच. "आई, शाळेच्या बाई," एवढंच आत ओरडली.

तिच्या आईने मला खुर्ची दिली आणि स्वतः समोर लसूण सोलत बसली. मी येण्याचं कारण सांगितलं. नको म्हणालात तर हे कागद इथेच फाडते, म्हटलं. ती म्हणाली, "वाचा."

मी पहिल्यापासून वाचलं. "म्हणजे" शंभर वेळा आलं असेल. चिठ्ठीच्या चुकीपाशी तिने हात वर केला.

"हे असंच छापणार?"

"तुम्ही सांगाल तसं."

"खरं होतं ते घालू नका. दुसरं काहीतरी घाला. कांद्याबिंद्याचं."

मी तिथेच पेनने बदललं. आणखी थोडं पुढे गेल्यावर तिने पुन्हा थांबवलं. "बिचारी कोण?"

मी लिहिलं होतं, बिचारी आई.

"ते काढा. दोन वर्षं मी चिठ्ठीतलं सगळं एकदा ऐकून ध्यानात ठेवायचे. पाच-पाच पदार्थ. त्यात बिचारी काय?"

काढलं. वाचून संपलं तेव्हा लसूण सोलून झाला होता. तिने सालं कागदात गुंडाळली. "तुम्ही हसला होतात ते लिहिलंत, ते बरं केलंत," म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

निशा इतका वेळ दाराला टेकून ऐकत होती. तिने हात पुढे केला. "बाई, कागद द्या. आणि पेन." ती खाली बसून स्वतः वाचायला लागली, आम्ही शिक्षक उत्तरपत्रिका तपासतो तसं, ओळीखाली पेन धरून. तिच्यावरचा एक परिच्छेद होता. फोनच्या त्या दिवसापासून मी निवृत्त होईपर्यंत ती माझ्याशी कशी वागली, त्यावर. तो तिने दोनदा वाचला. मग त्यावर वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ मारली आणि कागद परत दिले.

"बाकीचं छापा," ती म्हणाली.

का खोडलं, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सगळ्या लेखात मला तोच परिच्छेद सर्वांत चांगला जमला होता.